सातपूरचा फायबर-पीओपी कारखाना: डोरिक खांब बिनधास्त घ्या, कोरिंथियन नको

लग्नाच्या लॉन्सवर आणि बंगल्यांच्या पोर्चला लागणारे पांढरे ग्रीक खांब बनवणारा एक छोटा कारखाना नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत आहे. मी चित्रकलेचे वर्ग घेते. मुलांना समोर ठेवून रेखाटायला एक खांब आणि एक पुतळा हवा होता, म्हणून तिथे गेले. खांब अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला निघाला. पुतळ्याचं मात्र दुखणं आहे, ते पुढे सांगते.

खांब डोरिक, म्हणजे ग्रीक खांबांतला सर्वांत साधा प्रकार; सातफुटी, फायबरचा, आतून पोकळ. साडेसात हजारांना पडला. तळाचा व्यास सव्वा फूट. म्हणजे उंची व्यासाच्या साधारण साडेपाच पट, अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या खांबांची आहे जवळपास तितकीच. उभ्या खाचा मोजल्या, बरोबर वीस. बाजारात सोळा, अठरा, वाटेल तितक्या पाडलेल्या असतात. दोन खाचांमधली धार इथे खरंच धार आहे, बोटाला लागते. डोरिक खांबाचं सगळं सौंदर्य या धारेवर असतं, कारण ऊन एका बाजूने आलं की प्रत्येक खाचेत सावली वेगळी पडते. सपाट गोल खांबावर मुलं नुसतं शेडिंग घासत बसतात. इथे त्यांना बघून काढावं लागतं.

मला सर्वांत जास्त आवडलं ते खांबाचं पोट. ग्रीक खांब वर निमुळता होत जातो, पण सरळ रेषेत नाही, मध्ये अगदी किंचित फुगतो. पार्थेनॉनचा खांब सुमारे साडेदहा मीटर उंच, आणि फुगवटा जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. आपल्या सातफुटीच्या मापात तो एक सुताहून (इंचाच्या आठव्या भागाहून) थोडासाच जास्त भरतो. मी एका धारेवर वरपासून खालपर्यंत दोरी ताणून धरली, तर ती मध्ये टेकली आणि दोन्ही टोकांना उचललेली राहिली. साचा करणाऱ्या मिस्त्रींना विचारलं, तर म्हणाले, ‘‘सरळ केला ना मॅडम, की मधे बसल्यासारखा दिसतो.’’ इक्टिनोस आणि कॅलिक्रॅटीस या वास्तुविशारदांनी इ.स.पू. ४४७ मध्ये पार्थेनॉन उभारायला घेतलं, तेव्हा हीच नजर त्यांनी सगळ्या इमारतीला लावली होती. जोत्याची फरशीसुद्धा मध्ये उंच आहे, लांब बाजूला सुमारे ११ सेंटिमीटर. खांब आत कललेले, कोपऱ्यातले जरा जाड.

दोन गोष्टी ऑर्डर देतानाच सांगा. एक, खांब बैठकीशिवाय हवा. गिऱ्हाइकं मागतात म्हणून खाली गोल बैठक चिकटवून देतात. पण ग्रीक डोरिक खांब थेट जोत्यावर उभा असतो, त्याला बैठक नसते. दुसरी, रंग मॅट हवा. चकचकीत स्प्रे मारला की सावल्या मरतात. खांब दोन फाळक्या जोडून करतात आणि जोड बरोबर दोन धारांवर येतो, त्यामुळे त्या दोन धारा पुट्टी भरून बोथट झाल्यात. एक भिंतीकडे फिरवा, दुसरी घासून घ्या.

मुलांना मी पांडवलेण्यावरही नेते. तिथे क्षत्रप राजा नहपानाच्या लेण्यातले खांब डोंगरातूनच कोरलेले, एकसंध. वर घंटेच्या आकाराचं शीर्ष आणि त्यावर प्राणी. पार्थेनॉनचे खांब संगमरवरी चकत्या एकावर एक रचून उभे केले आणि खाचा नंतर, जागेवर, वरपासून खालपर्यंत कोरून पूर्ण केल्या. हा फरक मुलांना दोन्ही पाहिल्यावरच कळतो. पांडवलेण्यात १७ नंबरचं लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने, खोदवलं, असा तिथे शिलालेख आहे. नाशिकच्या मुलांना हे माहीत नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पुतळा. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लायटोसचा भालाधारी, तीनफुटी, प्लास्टरचा. मूळ काम इ.स.पू. ४५०-४४० च्या सुमाराचं, ब्राँझचं, आता हरवलेलं; आपण ओळखतो त्या रोमन काळातल्या संगमरवरी नकला, त्यातली सर्वांत प्रसिद्ध पाँपेईत सापडली. सगळा भार उजव्या पायावर, डावा सैल मागे, त्यामुळे कंबर एकीकडे वर तर खांदा तिकडेच खाली. कारखान्याच्या नगात ही कंबर-खांद्याची तिरपी चाल छान उतरली आहे. पण उजव्या पायाला टेकलेला झाडाचा बुंधा त्यांनी काढून टाकला होता, ‘पुतळा मोकळा दिसावा’ म्हणून. ब्राँझला तो बुंधा लागत नाही. संगमरवराला लागतो, आणि प्लास्टरला तर त्याहून जास्त. टेम्पोतून उतरवेपर्यंत घोट्याला तडा गेला होता.

तक्रार केल्यावर मालकांनी हुज्जत घातली नाही. जुन्या साच्यातला बुंधा शोधून काढला, पायात सळई घातली आणि दुसरा नग त्याच किमतीत करून दिला, पण उशिरा, कारण लग्नसराई होती. चेहरा अजूनही गुळगुळीत आहे. साचा जुना झालाय, केसांच्या बटा विरघळल्यासारख्या दिसतात. चेहऱ्याच्या अभ्यासाला हा पुतळा पुरणार नाही, उभं राहण्याची पद्धत शिकायला उत्तम.

कोरिंथियन खांब, म्हणजे ज्याच्या शीर्षावर पानं कोरलेली असतात तो, बघून लगेच नाही म्हणाले. अकँथस या झाडाची पानं कोबीसारखी एकात एक मिसळलेली होती. आयोनिक, म्हणजे शीर्षाला गुंडाळ्या असलेला, ठीक आहे, पण मागच्या बाजूची गुंडाळी अर्धवट सोडलेली असते. भिंतीला लागून लावायचा असेल तरच घ्या.

ऑर्डर फोनवर देऊ नका. मिस्त्रींना प्रत्यक्ष भेटा, फोटो आणि मापं कागदावर द्या. त्यांना कामात गोडी आहे, ऐकतात. लग्नसराई टाळा, आणि प्लास्टरचा नग असेल तर टेम्पोत खाली गादी टाकून आडवाच आणा.