५० लिटरची सॅक, आपल्याकडचा पाऊस आणि आतली पिशवी

सॅक मस्त आहे, घ्यायला हरकत नाही, फक्त तिच्यासोबत जे रेनकव्हर येतं त्याच्या भरवशावर जुलैत पन्हाळा-पावनखिंड करायला जाऊ नका. कंपनीचं नाव टाकत नाही, कारण अडीच-तीन हजारातल्या बहुतेक सॅक अशाच येतात, ५० लिटर, खाली वेगळा कप्पा, कमरेला जाड पट्टा आणि तळाच्या खिशात गुंडाळलेलं कव्हर.

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका दुकानातनं घेतली आणि तिथल्या काकांचं कौतुक केलंच पाहिजे. रिकामी सॅक पाठीला लावून आरशासमोर उभं नाही केलं त्यांनी, आत पाण्यानं भरलेल्या बाटल्या टाकल्या, आधी कमरेचा पट्टा हाडावर आवळायला लावला, मग खांद्याचे पट्टे, आणि म्हणाले आता जिना चढून उतरून या. सॅक अशीच बघून घ्यायची. आपली उंची किती याला फारसा अर्थ नाही, पाठीची लांबी महत्त्वाची, म्हणजे मान खाली घातल्यावर जे हाड वर येतं तिथनं कमरेच्या हाडाच्या रेषेपर्यंत. ती जुळली की वजन कमरेवर बसतं आणि संध्याकाळी खांदे भरून येत नाहीत. या बाबतीत हिला पैकीच्या पैकी मार्क.

आता पावसाचं. १६६० च्या जुलैत महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडं गेले ती ही वाट, दरवर्षी त्याच दिवसांत कितीतरी ग्रुप निघतात आणि पाऊस ऐन भरात असतो. पन्हाळा उतरून म्हसाई पठारावर आलं की आडोसा म्हणून काही नाही, वारा सुटला की पाऊस आडवा मारतो. कव्हर तीन बाजू झाकतं पण पाठीकडची बाजू उघडीच, ती उघडी ठेवावीच लागते नाहीतर पट्टे बाहेर कुठनं येणार? मानेवरनं ओघळलेलं पाणी पाठीच्या फोममध्ये जिरतं, तिथनं शिलाईतनं आत, आणि आत गेलेलं सगळं खाली उतरून कव्हरच्या तळात साचतं कारण याला तळाला भोकच नाहीय. आमच्यातले जे नुसत्या कव्हरवर निघाले त्यांच्या स्लीपिंग बॅगा करपेवाडीत मुक्कामाला पोचेपर्यंत ओल्या होत्या. दिवसभर भिजलं तर काय होत नाही हो, चालताना अंग गरम असतं, पण रात्री ओल्यात झोपायचं म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या चालीचा पार निकाल.

उपाय एकदम साधा. लक्ष्मीपुरीत पॅकिंगच्या सामानात जाड पॉलिथिनची मोठी पिशवी मिळते, ती सॅकमध्ये आधी घालायची, सगळं सामान तिच्यात, मग हवा काढून तोंडाला पीळ द्यायचा, दुमडायचं आणि बांधायचं. शाहूवाडी, गगनबावड्याकडं भात लावणीला माणसं प्लास्टिकची खोळ घेऊन दिवसभर वाकून काम करतात, अख्खा एकच तुकडा, पाठीवर कुठं शिलाई नाही म्हणून पाणी आत येत नाही, पिशवीचं पण तेच. कव्हर चिखलापासनं आणि एसटीच्या डिकीतल्या धुळीपासनं वाचवतं म्हणून असू दे. आणि रात्रीचा एक कोरडा जोड मोज्यांसकट पिशवीत वेगळा बांधा, तो चालताना काढायचाच नाही. कपडे पॉलिस्टरचे, सुती कापड आपल्या पावसात दोन दिवस वाळत नाही आणि जीन्स तर अजिबात नको.

थंडीत ही सॅक फार छान चालते, खालच्या कप्प्यात स्लीपिंग बॅग बरोब्बर बसते. बॅग घेताना लेबलवर दोन आकडे असतात, कम्फर्ट आणि लिमिट, त्यातला कम्फर्टचा बघा. लिमिटचा आकडा म्हणजे आखडून, कसंबसं रात्र काढायचं तापमान, आणि जाहिरातीत नेमका तोच मोठा करून छापतात.

उन्हाळ्यात अडचण पाण्याची. एप्रिल-मेमध्ये वाटेतले झरे आटलेले, माणशी ४ लिटर घ्या म्हणजे ४ किलो वजन इथंच आलं. ते तळात टाकू नका, वर पण नको, पाठीला चिकटून मधोमध ठेवा म्हणजे सॅक मागं ओढत नाही. बाजूचे खिसे मात्र या सॅकचे खरंच वाईट आहेत, सॅक पूर्ण भरली की ते इतके ताणतात की बाटली काढायला दरवेळी सॅक उतरवावी लागते नाहीतर मागच्याला हाक मारावी लागते. खाण्याचं सामान वरच्या झाकणात ठेवतो, गूळ-शेंगदाणे, भडंग, पहिल्या दिवसापुरत्या दशम्या आणि चटणी.

ट्रेकवरनं आल्यावर सॅक तशीच माळ्यावर टाकू नका. आतल्या कापडाला पॉलियुरेथेनचा थर असतो, ओलीत राहिला की तो चिकट होऊन पापुद्रे सुटायला लागतात आणि मग काही करता येत नाही. सगळ्या चेन उघडून सावलीत फॅनखाली वाळवा, पावसाळ्यात दोन दिवस तरी लागतील.

घ्यायला जाताना आपली स्लीपिंग बॅग सोबत न्या, खालच्या कप्प्यात घालून चेन लागते का बघा. थंडीची जाड बॅग असेल आणि तंबू पण तुम्हीच उचलणार असाल तर ही नको, ६० लिटरची बघा.