गोव्यातल्या बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय: हिशेबी माणसानं जरूर बघावं

पोरं सी हॅरियर या लढाऊ विमानाकडे धावली, मी सुपर कॉन्स्टेलेशन या जुन्या पंख्याच्या प्रवासी विमानापाशीच रेंगाळलो. आधी एअर इंडिया, मग हवाई दल, शेवटी नौदल. एकाच विमानानं तीन घरं सांभाळली! पोटाखाली उभं राहून पत्र्यावरचे रिव्हेट बघा, नुसता फोटो काढून सुटू नका. जन्म लेखा खात्यात गेल्यानं मला असली काटकसर भावते. रशियाकडून घेतलेल्या विक्रमादित्य या जुन्या विमानवाहू युद्धनौकेचं मात्र उलटं झालं: २००४चा करार ९७.४ कोटी डॉलरचा, बिल गेलं २३५ कोटी डॉलरच्या घरात. जुनं जहाज घ्या हो, पण दुरुस्तीचा आकडा आधी बांधून घ्या. २०२४-२५च्या संरक्षण अंदाजपत्रकात पेन्शनच १.४१ लाख कोटी रुपये. नव्या खरेदीला हात आखडणारच. (पेन्शन मीही घेतो म्हणा!) वास्कोहून जवळच आहे, सकाळीच जा, विमानं उघड्यावर आहेत, दुपारी ऊन भाजून काढतं.