म्हापशाचा रविवारचा क्लास: सकाळचा घ्या, दुपारचा सोडा

मी डिचोलीची. सरकारी खात्यात क्लार्क, दिवसभर बिलं काढते. खात्याच्या परीक्षेसाठी म्हापशात एक क्लास लावला. सकाळी सरकारी लेखा, जेवणानंतर शेअर बाजाराचे नियम. दहा रविवार, नऊ हजार रुपये. क्लासचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

सकाळचे सर ट्रेझरीतून निवृत्त झालेले. राज्यघटनेचं कलम २६६ समजावताना त्यांनी थेट देवळातच नेलं. फंडपेटीत पडलं ते देवस्थानचं. पण महाजनांच्या सभेत ठराव झाल्याशिवाय खजिनदार त्यातला रुपया काढू शकत नाही. तसा संचित निधी, म्हणजे सरकारची मुख्य तिजोरी. पर्वरीला विधानसभेची मंजुरी नसेल तर पैसा जागचा हलत नाही. जत्रेत दुकान मांडणाऱ्याने ठेवलेली अनामत मात्र त्याच कपाटात असली तरी देवळाची नव्हे, ती परत द्यायचीय. तो लोकलेखा, आमच्या सिनियर लोकांचा जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी तिथेच, ८००९ या लेखाशीर्षात, म्हणजे त्या क्रमांकाच्या खात्यात. आणि जत्रेच्या तोंडावर मंडपाचं छप्पर उडालं तर? सभा बोलवायला वेळ कुठला! त्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम वापरायची, मागाहून ठराव करून भरून काढायची. कलम २६७, आकस्मिकता निधी.

सहा वर्षं मी बिलावर ३०५४ आणि ५०५४ ही रस्ते-पुलांची लेखाशीर्षं टाईप करतेय. पहिल्या आकड्याला अर्थ असतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, लाज वाटली. २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली. रस्त्याचे खड्डे बुजवले तर ३०५४, नवा पूल बांधला तर ५०५४. मार्चमध्ये आलेल्या खुर्च्यांचे पैसे एप्रिलमध्ये दिले तर खर्च नव्या वर्षात का पडतो, हेही तेव्हाच कळलं. सरकारचा हिशेब रोखीचा: माल कधी आला याला महत्त्व नाही, पैसे कधी गेले ते बघायचं.

दुपारी मात्र सगळंच फसलं. शिकवणारा मुलगा गोड बोलतो, पण वाचतो ते स्लाईडवरचंच. नोट्समध्ये अजून टी प्लस टू, म्हणजे सौद्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांनी हिशेब पुरा! जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी प्लस वन झालेत, म्हणजे सौद्यानंतर पुढच्याच कामकाजाच्या दिवशी. स्कोअर्सवर, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार केली की कंपनीला ३० दिवस, असंही लिहिलेलं. आता ते २१ आहेत.

कहर म्हणजे मी विचारलं, भावोजी लिस्टेड कंपनीत अकाउंट्सला आहेत, तिमाहीचे आकडे त्यांनी घरी सांगितले तर? म्हणाला, ''घरच्या घरी चालतं.'' अहो, नाही चालत! सेबीचे २०१५ चे नियम मी घरी जाऊन वाचले. जाहीर न झालेली, शेअरच्या किमतीवर परिणाम करणारी माहिती कामाच्या रास्त कारणाशिवाय दुसऱ्याला सांगणं हाच मुळी गुन्हा, शेअर घेतला नाही तरी. भावोजींसारख्यांना तर तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर झाल्यावर ४८ तास होईपर्यंत आपल्या कंपनीचे शेअर घ्यायला-विकायलाही बंदी.

चौथ्या रविवारपासून मी दुपारी सरळ बस पकडून घरी. शेवटी दुपारची फी परत मागितली, तर काउंटरवरची बाई म्हणाली, ''दोन्हींचं खातं एकच आहे, वेगळं काढता येत नाही.''

सर बाजूलाच चहा पीत उभे होते. त्यांना ठसकाच लागला.