नंबर जुळले, इंजिन मात्र दुसरंच

'मॅचिंग नंबर्स' (इंजिनवरचे नंबर गाडीशी जुळतात, म्हणजे इंजिन मूळचंच) म्हणून 1967 ची शेव्हरोले कॉर्व्हेट कुणी दाखवत असेल, तर इसार देण्याआधी हे वाचा. माझ्या गळ्यात मारलेल्या गाडीचे नंबर खरोखरच जुळत होते. खोट नेमकी तिथेच होती.

विक्रेता गोडबोल्या आणि पक्का तयारीचा. बॉनेट उघडताच त्याने टॉर्च थेट स्टॅम्प पॅडवर मारला. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य ओतीव भागाच्या, पुढच्या टोकाला, उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे जी छोटी सपाट जागा असते, तो हा पॅड. इंजिन कारखान्यात त्यावर जुळणीची तारीख आणि कोड ठोकत. चासी नंबरचे शेवटचे आकडे पुढे सेंट लुइसला, गाडी जोडताना. या गाडीवर तारीख होती 0322, म्हणजे 22 मार्च. कोड एचटी, म्हणजे 327 घन इंचांचं साडेतीनशे अश्वशक्तीवालं, जास्त मागणीचं इंजिन. चासी नंबरही चोख. शिवाय टाकीवरच्या स्टिकरची, म्हणजे गाडीत काय काय बसवलं त्या यादीची, प्रत आणि प्रोटेक्ट-ओ-प्लेट, म्हणजे वॉरंटीची धातूची पट्टी. या दोन्ही वस्तू नव्या बनवून मिळतात, हे तो कशाला सांगेल?

पुढे क्लचच्या कामासाठी गिअरबॉक्स उतरवला. ब्लॉकच्या मागच्या टोकाला, बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं आवरण) बसते त्या कडेवर, ओतकामाची तारीख उठावात असते. मेकॅनिकने ब्रशने काजळी काढली आणि अक्षरं वर आली: एफ 9 7. पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी. मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. 9 जून 1967. मार्चमध्ये जुळवलेलं इंजिन जूनमध्ये ओतलं होतं! ग्लव्हबॉक्सखालच्या ट्रिम टॅगप्रमाणे, म्हणजे बॉडीची माहिती देणाऱ्या पट्टीप्रमाणे, गाडीची बॉडी तर एप्रिलची.

मग पॅड भिंगाखाली धरला. कारखान्याच्या ब्रोचिंगमुळे, म्हणजे दातेरी हत्याराने पृष्ठभाग सपाट करण्यामुळे, पॅडवर बारीक समांतर रेघा उठतात, पुढून मागे जाणाऱ्या. इथे त्या रेघा नव्हत्याच, आडवं पॉलिश पेपर मारल्यासारखे ओरखडे होते. तेवढ्यावरून कुणाला चोर ठरवता येत नाही. इंजिन दुरुस्त करताना वरची बाजू मशीनवर घासली तरी रेघा जातात. पण कोड आणि चासी नंबर दोन ठिकाणी, वेगवेगळ्या पंचांनी ठोकलेले असायला हवेत. इथे दोन्हींचं वळण एकच, खोलीही एकच. एकाच बैठकीत उरकलेलं काम.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "नंबर जुळतात असं मी म्हणालो, आणि ते जुळतात. इंजिन मूळचं आहे असं लिहून दिलंय का मी?" दिलं नव्हतंच. पावतीवरही 'नंबर जुळतात' एवढेच शब्द. इतके नेमके शब्द सहज सुचत नाहीत, सरावाने येतात.

गाडी बघायला जाताना दांड्याचा छोटा आरसा, टॉर्च आणि तारेचा ब्रश न्या. ओतकामाची तारीख डिस्ट्रिब्यूटरवरच्या धातूच्या आवरणामागे दडलेली असते, ते आवरण काढायला लावा. आधी ओतकाम, मग इंजिनची जुळणी, मग गाडी, हा क्रम कुठेही उलटता कामा नये. आणि पावतीवर 'कारखान्यात बसवलेला मूळ ब्लॉक, तसं नसल्यास पूर्ण रक्कम परत' असं विक्रेत्याच्या हातचं लिहून घ्या, खाली सहीसकट.