ह्वांगशान माओफंग, सहा महिन्यांनंतर: चहा उत्तम, डबा नको

जुलैत डबा उघडला तर ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. एप्रिलमध्ये चीनच्या ह्वांगशान डोंगरांजवळच्या तुनशीच्या जुन्या बाजारातून ४०० युआन मोजून २५० ग्रॅम माओफंग, म्हणजे तिथला हिरवा चहा, शांघायला आणला होता. निम्मा संपायच्या आतच तो सादळला.

चहाबद्दल तक्रार नाही. पहिला आठवडा होती, कारण फार कडू लागायचा. पण चूक माझीच होती. आपल्या सवयीने मी उकळतं पाणी ओतून वर झाकण ठेवत होते. पाणी ८० अंशांच्या आसपास निवू दिलं, काचेचा पेला उघडा ठेवला आणि चव पार बदलली. फिकट हिरवट-पिवळा रंग, फुलासारखा मंद वास, घोट गिळल्यावर जिभेवर मागून येणारा गोडवा. पानं पेल्यात हळूहळू उघडतात तेव्हा कळीवरची पांढरी लव दिसते. माओ म्हणजे लव, फंग म्हणजे शिखर. देठाशी एक इवलंसं सोनेरी पान असतं, त्याला तिकडे ‘माशाचं पान’ म्हणतात. चांगल्या मालाची ती खूण.

गोडव्याचं श्रेय आन्हुई प्रांताच्या दक्षिणेकडच्या त्या डोंगरांना. ह्वांगशानचं सर्वात उंच शिखर १८६४ मीटरचं. मळे त्याच्या खूप खाली, धुक्यातल्या उतारांवर. ऊन गाळून येतं, त्यामुळे पानात कडवटपणा कमी धरतो. १८७५च्या सुमारास श्ये झंग-आन या व्यापाऱ्याने हा चहा बाजारात आणला असं सांगतात. छीमनचा काळा चहाही याच मुलखातला.

आता डबा. वर पाइनचं सुंदर चित्र, पण झाकण नुसतं सरकवायचं. आत रबराची कडी नाही, चहाला वेगळी पिशवी नाही. हिरव्या चहाचं पान खुडल्यावर लगेच तापवतात, मग शेकून कोरडं करतात. तो कोरडेपणा गेला की सगळं गेलं. आणि इकडे जूनच्या मध्यापासून मेइयू, म्हणजे आलुबुखारे पिकायच्या दिवसांतला पाऊस. कपडे वाळत नाहीत, तिथे चहा काय टिकणार? दुकानात विचारलं तर म्हणाले, फ्रिजमध्ये ठेवायचा होता. मग विकताना का नाही सांगितलं? डब्यावर तसं एक अक्षरही नाही!

उरलेला चहा कोरड्या तव्यावर मंद आचेवर शेकून पाहिला. कुबट वास गेला, फुलांचा परत आला नाही. तरी संपवला, कारण एका पेल्याला ३ ग्रॅम आणि त्यावर तीनदा पाणी, म्हणजे पेला दीड-पावणेदोन युआनला पडत होता, टाकवला नाही.

ऑगस्टपासून याच वसंतातला माल ५० ग्रॅमच्या बंद पाकिटांत घेते. पाकीट चिमट्याने बंद करून फ्रिजमध्ये ठेवते, आठ-दहा दिवसांत संपवते. शेवटच्या चिमटीपर्यंत वास तसाच राहतो. ग्रॅममागे थोडं महाग पडतं, पण वाया काही जात नाही.

पुढच्या एप्रिलला पुन्हा तुनशीला जाणार आहे. छिंगमिंगच्या, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला येणाऱ्या सणाच्या, आधीचा खुडा घेईन, तोही पाकिटांतच.