इंग्लंडच्या उत्तरेतल्या सुरुवातीच्या रग्बीत सरस काउंटी (परगणा) कोणती, यॉर्कशायर की लँकेशायर?
1870 मध्ये लीड्सला दोन्ही काउंटी पहिल्यांदा भिडल्या, जिंकलं लँकेशायर. पण लँकेशायरची संघनिवड बराच काळ मँचेस्टर-लिव्हरपूलच्या बड्या क्लबांच्या मुठीत होती. यॉर्कशायरने 1877 मध्ये चषक स्पर्धा काढली आणि रग्बी गिरणगावांत घरोघरी पोचली. हॅलिफॅक्सने पहिल्यांदा जिंकलेल्या त्या चषकाला लोक लाडाने ‘जुनं पत्र्याचं भांडं’ म्हणत! शनिवारी दुपारी गिरणी सुटली की कामगार थेट मैदानावर.

1889 पासूनच्या पहिल्या आठ काउंटी अजिंक्यपदांपैकी सात यॉर्कशायरची, 1891 चं तेवढं लँकेशायरचं. खेळापायी पडलेल्या खाड्याची मजुरी द्या, हा ठरावही 1893 मध्ये यॉर्कशायरनेच रग्बी संघटनेच्या लंडनमधल्या सभेत मांडला. 282 विरुद्ध 136 मतांनी तो पडला. तरी माझं माप यॉर्कशायरच्याच पदरात.