तीन टक्के की पंधरा टक्के: बेळगाव भागातील गृहप्रकल्पात व्यापारी गाळे ठेवताना

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत रस्त्यालगतची वीस-बावीस गुंठे बिगरशेती जागा हाती असली की जागामालक आणि बिल्डर या दोघांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो तळमजल्याचा. तिथे पार्किंग ठेवायचे, फ्लॅट काढायचे की गाळे पाडायचे? गाळ्याला दर चढा मिळतो आणि खालच्या किराणा दुकानामुळे, दवाखान्यामुळे वरच्या रहिवाशांचीही सोय होते, म्हणून बहुतेकांचा कल गाळ्यांकडे असतो. मात्र करकायद्यात गृहप्रकल्पातील व्यापारी जागेसाठी वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या मर्यादा घातल्या गेल्या आहेत आणि एका कायद्याची टक्केवारी दुसऱ्याला लावून घेतलेले निर्णय महागात पडतात. माझे मत सुरुवातीलाच मांडतो. ज्यांच्या इमारतीचा नकाशा ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झाला आहे आणि जे प्रकल्पाच्या नफ्यावर आयकराची वजावट घेत आहेत, त्यांनी तीन टक्क्यांच्या रेषेला धक्का लावू नये. ज्यांचा नकाशा त्यानंतरचा आहे, त्यांनी तीन टक्के विसरून जीएसटीच्या पंधरा टक्क्यांचा हिशेब मांडावा.

आयकर कायदा, १९६१ मधील जुने कलम ८०-आयबी(१०) आता केवळ जुन्या वादांपुरते उरले आहे. ३१ मार्च २००८ पूर्वी मंजूर झालेल्या प्रकल्पांच्या नफ्यावर त्यात शंभर टक्के वजावट होती. त्यासाठी किमान एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे जागा लागे आणि आपल्याकडे एका घराचे बिल्टअप (भिंतींसह मोजलेले) क्षेत्र १५०० चौरस फुटांपर्यंत चालत असे. व्यापारी जागेवर सुरुवातीला मर्यादाच नव्हती. १ एप्रिल २००५ पासून ती आली: एकूण बिल्टअप क्षेत्राच्या पाच टक्के किंवा २००० चौरस फूट, यांपैकी जे कमी असेल ते. ही अट मागच्या प्रकल्पांना लावता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने ब्रह्मा असोसिएट्स प्रकरणात २०११ मध्ये ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सरकार बिल्डर्स प्रकरणात तीच भूमिका घेतली. दरम्यान २०१० च्या वित्त कायद्याने मर्यादा बदलून तीन टक्के किंवा ५००० चौरस फूट, यांपैकी जे जास्त असेल ते, अशी केली. आजही कोणी ‘पाच हजार फुटांपर्यंत दुकाने चालतात’ असे सांगत असेल, तर ते या संपलेल्या कलमाबद्दल बोलत आहे, हे ओळखावे.

कलम ८०-आयबीए २०१६ च्या वित्त कायद्याने आले आणि १ जून २०१६ नंतर ३१ मार्च २०२२ पर्यंत मंजूर झालेल्या प्रकल्पांना ते लागू झाले. दोन्ही कलमांत वजावट शंभर टक्केच आहे, पण अटींचा कल अगदी निराळा आहे. जागेची अट बेळगावसारख्या महानगर नसलेल्या ठिकाणी २००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास वीस गुंठ्यांवर आली. ही मोठीच सवलत होती, कारण शहराच्या आत एकसलग एकर मिळणे कठीण असते. उलट घराचा आकार आवळला गेला: १ सप्टेंबर २०१९ पूर्वीच्या मंजुरीसाठी ६० चौरस मीटर कार्पेट (आतले वापराचे) क्षेत्र, त्या तारखेपासूनच्या मंजुरीसाठी ९० चौरस मीटर आणि सोबत मुद्रांक मूल्य (मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरते ती किंमत) ४५ लाखांच्या आत. अनुज्ञेय एफएआरपैकी, म्हणजे जागेच्या प्रमाणात परवानगी असलेल्या बांधकाम क्षेत्रापैकी, किमान ८० टक्के वापरावा लागतो. एका व्यक्तीला एक फ्लॅट दिला की तिला, तिच्या पती किंवा पत्नीला अथवा अज्ञान मुलांना त्याच प्रकल्पात दुसरा देता येत नाही. एकत्र कुटुंबासाठी शेजारशेजारचे दोन फ्लॅट घेण्याची आपल्याकडची रीत इथे आड येते, याकडे बुकिंग घेतानाच लक्ष द्यायला हवे.

व्यापारी जागेबाबत या कलमाने ‘जे जास्त’ किंवा ‘जे कमी’ असा पर्यायच ठेवला नाही. गाळ्यांचे कार्पेट क्षेत्र एकूण कार्पेट क्षेत्राच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, एवढेच ते सांगते. कार्पेट क्षेत्राची व्याख्या रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यातील आहे: आतल्या भिंतींची जाडी धरायची, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि गच्ची सोडून द्यायची. फ्लॅटला बाल्कनी असते आणि गाळ्याला बहुधा नसते, त्यामुळे बिल्टअपवर मोजलेली तीन टक्के जागा कार्पेटवर मोजताच तीनच्या वर सरकू शकते. काठावरच्या प्रकल्पांनी हे मोजमाप आर्किटेक्टकडून गाळागणिक लेखी घ्यावे.

आकडे मांडून पाहू. बावीस गुंठ्यांवर, म्हणजे सुमारे २२२५ चौरस मीटर जागेवर, ६० चौरस मीटर कार्पेटचे ४० फ्लॅट धरले तर घरांचे क्षेत्र २४०० चौरस मीटर होते. तीन टक्क्यांच्या मर्यादेत व्यापारी क्षेत्र जास्तीत जास्त ७४ चौरस मीटर, म्हणजे साधारण ८०० चौरस फूट बसते. २४ चौरस मीटरचे तीन गाळे काढले की संपले. चौथा गाळा काढताच प्रश्न त्या एका गाळ्यापुरता राहत नाही, कारण अट प्रकल्पाची आहे आणि चाळीस फ्लॅटच्या नफ्यावरील वजावटच वादात सापडते. पार्किंगच्या दोन खणांना शटर लावून गाळा करणे किंवा तळमजल्याचा फ्लॅट दवाखान्यासाठी विकणे हे याच कारणाने धोक्याचे आहे.

मुदतीचा मुद्दा आज अधिक निकडीचा आहे. पहिल्या मंजुरीपासून पाच वर्षांत संपूर्ण प्रकल्पाचा पूर्णत्वाचा दाखला लागतो आणि नकाशा नंतर सुधारून घेतला तरी तारीख पहिल्या मंजुरीचीच धरली जाते. मार्च २०२२ मध्ये मंजूर झालेल्या इमारतीची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. ती चुकली तर आधी घेतलेली सगळी वजावट मुदत संपल्याच्या वर्षाचे उत्पन्न समजली जाते. महापालिकेचा किंवा नगरविकास प्राधिकरणाचा मंजुरी आदेश कन्नडमध्ये असतो. ज्यांना तो नीट वाचता येत नाही, त्यांनी मूळ मंजुरीची आणि सुधारित मंजुरीची तारीख जाणकाराकडून वाचून घ्यावी. शंभर टक्के वजावट म्हणजे शून्य कर असेही नाही. १९६१ च्या कायद्यात अशी वजावट घेणाऱ्या भागीदारी संस्थेला समायोजित उत्पन्नावर १८.५ टक्के पर्यायी किमान कर, वर अधिभार आणि उपकर भरावा लागतो. त्याचे क्रेडिट पुढे ओढता येते, पण पैसे आधी जातात. विवरणपत्र मुदतीत भरले नाही तर वजावटच मिळत नाही.

नव्या प्रकल्पांची बाजू वेगळी आहे. बिल्डरला नफ्यावरील ही सवलत नाही, त्यामुळे तीन टक्क्यांचे बंधनही नाही. इथे जीएसटीची रेषा महत्त्वाची ठरते. गाळ्यांचे कार्पेट क्षेत्र सर्व युनिटच्या कार्पेट क्षेत्राच्या १५ टक्क्यांपर्यंत असेल तर बांधकाम चालू असताना विकलेल्या गाळ्यावर इनपुट क्रेडिटशिवाय (बांधकामाच्या खरेदीवर भरलेला जीएसटी वळता न करता) ५ टक्के कर लागतो. १५ टक्के ओलांडले की गाळ्यावर जमिनीची वजावट धरून १२ टक्के, इनपुट क्रेडिटसह. फ्लॅटचे दर दोन्ही स्थितींत तेच, परवडणाऱ्या घराला १ टक्का आणि इतरांना ५ टक्के. वरच्याच इमारतीत १५ टक्क्यांच्या आत ४२३ चौरस मीटर बसतात, म्हणजे २४ चौरस मीटरचे सतरा गाळे. तीन आणि सतरा यांतला फरक तळमजल्याचा सगळा आराखडा बदलणारा आहे. १५ टक्क्यांच्या पुढे गेल्यास इनपुट क्रेडिट फ्लॅट आणि गाळे यांत क्षेत्रानुसार विभागण्याचा हिशेब मागे लागतो. लहान बिल्डरने तो ओढवून घेऊ नये, असे मला वाटते. मोठ्या चौकात, जिथे दोन मजले दुकाने सहज खपतील, तिथे मात्र १२ टक्के स्वीकारून व्यापारी संकुल करणे हाच सरळ मार्ग आहे.

कोल्हापूर किंवा चंदगडकडे नातेवाइकांचा प्रकल्प पाहून तुलना करणाऱ्यांसाठी एवढेच, की आयकर आणि जीएसटीचे नियम सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहेत. मंजुरी देणारे कार्यालय वेगळे आणि मुद्रांक मूल्याचा आधार वेगळा: तिकडे रेडी रेकनर, इकडे मार्गदर्शक मूल्य. कलम ८०-आयबीए मधील ४५ लाखांची मर्यादा याच मूल्यावर तपासली जाते, तेव्हा पलीकडचा आकडा इकडे वापरू नये.

राहिला जागामालक. संयुक्त विकसन करारात व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब जमीन देते, तेव्हा आयकर कायदा, १९६१ च्या कलम ४५(५ए) प्रमाणे भांडवली नफ्याचा कर पूर्णत्वाच्या दाखल्याच्या वर्षी येतो, करारावर सही केली त्या वर्षी नाही. त्याच्या वाट्याला फ्लॅट आला तर इतर अटी पाळून कलम ५४एफ खाली एका घरापुरती सूट मागता येते. गाळ्यासाठी ती मिळत नाही. गाळ्याचे भाडे फ्लॅटपेक्षा जास्त येईल, हे खरे, पण पहिल्याच वर्षी कर भरण्यासाठी रोख रक्कम लागेल आणि ती उभी करायला वाट्यातलाच एखादा गाळा विकावा लागू शकतो. वाट्यात दोन गाळे मिळत असतील तर एक गाळा आणि एक फ्लॅट मागून पाहावा आणि हे करार नोंदवण्याआधीच ठरवावे, कारण दाखला मिळण्यापूर्वी आपला हिस्सा दुसऱ्याला दिला तर ४५(५ए) ची सवलतही हातची जाते.